बद्द वाजणारा पॅक

तुम्ही खोटं लिहिलंय.

चौदाव्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात. ‘चालकाने धोक्याची सूचना मिळाल्यानंतर विहित नव्वद सेकंदांत वाहन सोडले नाही. सबब, चालकाचा निष्काळजीपणा.’ खाली तीन सह्या. त्या तिघांपैकी एकानेही कुंभार्ली घाट पाहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. कारण त्याच पानावर तुम्ही लिहिलंय की गाडी घाट चढत होती. गाडी उतरत होती. एवढंही कुणाला विचारावंसं वाटलं नाही?

त्या नव्वद सेकंदांत मी फोनवर होते. तुम्ही नव्हता.

तुमच्या खुर्चीचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही कोण आहात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी शबाना दस्तगीर नदाफ. घाटमाथ्यावर, हेळवाकच्या बॅटरी बदल केंद्रात फिटर आहे. शिक्षण नववी. परवाना तिसऱ्या खेपेला मिळाला, कारण पहिल्या दोन्ही वेळा परीक्षा घेणाऱ्याला माझ्यापेक्षा कमी येत होतं आणि मी ते बोलून दाखवलं.

आधी हातोडीचं सांगते, कारण तुमच्या अहवालात ठोकणंही गुन्हा आहे.

माझ्या अब्बांचं कराडच्या नाक्यावर टायरचं दुकान होतं. ट्रकच्या मागच्या चाकांत दोन-दोन टायर चिकटून असतात. आतल्याची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही. म्हणून ड्रायव्हर गाडी सोडण्याआधी लाकडी हातोडीने एकेक टायर ठोकत जातो. हवा असेल तर टणक आवाज येतो, नसेल तर बद्द. अब्बा दुकानात बसून, तोंडात पान ठेवून, लांब उभ्या गाडीचा आवाज ऐकून सांगायचे, ‘ड्रायव्हर साइड, आतला.’ तो आवाज ऐकतच मी वाढले.

मग डिझेलच्या गाड्या कमी होत गेल्या. बॅटरीचे ट्रक आले आणि सुरुवातीला लोक हसले. खरा फरक पडला तो ‘मलम’ आल्यावर. प्रयोगशाळेत त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही सगळे मलमच म्हणतो. बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये दोन पापुद्रे असतात आणि मध्ये पडदा. घाईघाईने किंवा गरजेपेक्षा जास्त वीज आत कोंबली की लिथियमच्या बारीक सुया उगवतात, केसाहून बारीक. सुई वाढत वाढत पडदा फोडते आणि सेल पेटतो. मलम म्हणजे असं रसायन, की सुई उगवली रे उगवली की ते तिला विरघळवतं आणि भोक बुजवतं. पाच वर्षांत मरणारी बॅटरी वीस वर्षं चालायला लागली. बाजार असा उसळला की दर महिन्याला हजारो नवे ट्रक रस्त्यावर. पॅक, म्हणजे अशा शेकडो सेलचा गठ्ठा, कुणाच्याच मालकीचा राहिला नाही. दोन लोखंडी कपाटं आडवी ठेवावीत एवढा तो पॅक. आज माझ्या केंद्रात, परवा नागपूरला, पुढच्या आठवड्यात बेळगावला. गाडी आली की यांत्रिक हात रिकामा पॅक काढतो, भरलेला बसवतो. चार मिनिटांत गाडी बाहेर.

इतक्या हातांतून फिरणाऱ्या पॅकची तब्येत कळायची कशी? त्यासाठी तुम्ही आरोग्यांक आणलात. पॅकमधली चिप किती वीज आत गेली, किती बाहेर आली, ताप किती, हे मोजते आणि शंभरातला आकडा सांगते. ऐंशीच्या वर असेल तर ट्रकला. खाली गेला तर ट्रकमधून बाद, गावातल्या सौर दिव्यांच्या साठ्याला. आकडा खाली जावा असं या साखळीत कुणालाच वाटत नाही. तुम्हालाही नाही.

चिप जे मोजते ते बरोबरच मोजते. ती खोटं बोलत नाही. पण मलम प्रत्येक सुई विरघळवताना वायूचा एक बारीकसा बुडबुडा मागे सोडतं. एक, शंभर, लाख. विजेच्या हिशेबात तो कुठेच दिसत नाही. सेल आतून फेसाळतो, वीज मात्र पहिल्यासारखीच देत राहतो. आकडा ब्याण्णव. आणि एक दिवस मलमाला पोचायला जागाच उरत नाही, कारण मध्ये फेस असतो.

आवाजाला मात्र तो फेस कळतो. आवाज घट्ट वस्तूतून धावतो, द्रवातून धावतो, बुडबुड्यात मरतो. चांगला पॅक ठोकला की खणकन बोलतो. फेसाळलेला बद्द. माझ्या कानाने हे ओळखलं तेव्हा मलाही खरं वाटलं नाही. मग मी भंगारातल्या ट्रकचे रिव्हर्सचे सेन्सर काढले, जे भिंत जवळ आली की पीं पीं करतात ते. एक पॅकच्या या बाजूला, एक त्या बाजूला. इकडून आवाज सोडायचा, तिकडे किती पोचला ते मोजायचं. चौदा महिन्यांत सहाशे बारा पॅक मोजले. जिथे माझ्या कानाला बद्द वाटलं तिथे आवाज जेमतेम दहावा हिस्सा पोचत होता. सगळ्यांचे आरोग्यांक नव्वदच्या आसपास.

वहीच्या पानांचे फोटो काढून मी तुम्हाला तीनदा पाठवले. तिन्ही वेळा उत्तर आलं: ‘आपली सूचना नोंदवण्यात आली आहे.’ चौथ्यांदा परिपत्रक आलं. ‘पॅक ठोकून तपासणे ही अवैज्ञानिक पद्धत असून तिच्यामुळे चार मिनिटांची मर्यादा ओलांडली जाते. असे करणाऱ्या फिटरचा परवाना तिसऱ्या ताकिदीनंतर रद्द होईल.’

दोन ताकिदी मला मिळाल्या होत्या.

*

आता ती सकाळ. फेब्रुवारी, साडेनऊ.

खंडू झोरे कराडहून चिपळूणला दुधाचा टँकर नेतो. न्यायचा. पाटणच्या वरच्या वाडीतला धनगर, बावन्न वर्षांचा, त्यातली तीस वर्षं डिझेलवर काढलेली. केंद्रात आला की आधी माझ्या नावाने शंख.

“काय गं मास्तरीण, आज कुणाला नापास केलं?”

“तुलाच करणार होते दादा, पण तू पहिलीतच अडकलायस.”

“पहिलीत असू दे. तुझ्यागत नववीत तीनदा न्हाय बसलो.”

“नववी एकदाच. परवाना तीनदा.”

“त्येच ते.” असं म्हणून तो तंबाखू मळायचा आणि चाकांभोवती फेरी मारायचा. टायर ठोकायचा. टायरमधल्या हवेचा दाब सांगणारा पडदा त्याच्या केबिनमध्ये होता, तरी ठोकायचा. “पडदा बघतो डोळा,” तो म्हणायचा, “डोळ्याला झोप येती.”

आणखी एक गोष्ट नेहमीची. “फुल्ल भर हां. घाट हाय.” डिझेलची सवय. घाटात टाकी अर्धी असली की या लोकांच्या पोटात गोळा येतो. मी शंभरदा सांगितलं असेल की दादा, बॅटरीचा ट्रक उतारावर खात नाही, कमावतो. ब्रेक दाबला की मोटारच जनित्र होते, गाडीचा वेग वीज होऊन परत पॅकमध्ये जातो. घाटमाथ्यावर तुडुंब भरलेला पॅक घेऊन उतरलास तर ती वीज जाणार कुठे? कोंबली जाणार. सुया उगवणार. म्हणूनच पूर्वी घाटमाथ्यावरच्या केंद्रांनी पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर भरलेला पॅक द्यायचा नाही असा नियम होता. तो नियम तुम्ही काढलात. मलम आहे, आता कशाला? गिऱ्हाइकाला फुल्ल हवा असतो, घ्या फुल्ल. या घाटातून उतरणारे पॅक सगळ्यात आधी का फेसाळतात, हे माझ्या वहीच्या दुसऱ्याच पानावर आहे.

त्या सकाळी यांत्रिक हाताने पॅक पुढे आणला. आरोग्यांक ब्याण्णव, शंभर टक्के भरलेला. यांत्रिक हात थांबतो तेव्हा दहा सेकंद मिळतात. मी पाना पडल्यासारखं केलं आणि उचलताना पॅकच्या कडेला दोनदा टेकवला.

बद्द. बद्द.

आयुष्यात इतका मेलेला आवाज ऐकला नव्हता.

मी मान वर केली. काचेच्या खोलीतून आमचा शिफ्टचा साहेब बघत होता. रोहन शिर्के, सत्तावीस वर्षांचा, वाईट मुलगा नाही. त्याने बोट वर करून कॅमेरा दाखवला. धमकी नव्हती ती, विनंती होती.

मी खंडूदादाजवळ गेले. “दादा, हा पॅक परत केला तर तुझा नंबर रांगेत शेवटी जाईल. चाळीस मिनिटं थांबतोस?”

“चाळीस?” त्याने मळलेली तंबाखू तशीच तळहातावर धरली. “मागच्या हप्त्यात दोनदा लेट झालोय. तिसऱ्यांदा झालो तर ही फेरी त्या बिनड्रायव्हरच्या गाडीला देणार म्हणत्यात. का गं? ह्याला काय झालं?”

“काही नाही. असंच.”

“आकडा काय म्हनतो?”

“ब्याण्णव.”

“आणि तुझा कान?”

हा प्रश्न तुमच्या अहवालात नाही. तो विचारला तेव्हा आम्ही दोघेच होतो, आणि दोघांपैकी एक आता नाही. म्हणजे मी सांगितला नाही तर तो कधीच कुणाला कळणार नाही. मी सांगते. माझी आफरीन कराडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात परवाना माझा एकटीचा. वर कॅमेरा. तिसरी ताकीद. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं आणि मी म्हणाले,

“आकडा म्हणतो तेच.”

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग तंबाखू तोंडात टाकली. “मग झालं की. चल, संध्याकाळी येतो परत.”

यांत्रिक हाताने पॅक बसवला. तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. तुमच्या यादीत त्या दिवशी आमचं केंद्र पहिलं होतं.

*

पुढची गाडी आली. तिचा पॅक मी ठोकला नाही. सात मिनिटांनी मी हातमोजे काढून टाकले आणि फोन लावला.

“दादा, कुठे आहेस?”

“दुसरं वळान उतरलो. का गं, हातोडी राहिली का माझी तुझ्याकडं?” मागे वाऱ्याचा आवाज.

“ऐक. पॅक बद्द वाजला होता. मी खोटं बोलले. मोटारीचा ब्रेक बंद कर, आत वीज जाऊ देऊ नकोस.”

तो शांतपणे म्हणाला, “एकोणतीस टन हाय गं मागं. नुसत्या पायाच्या ब्रेकवर दोन वळनं उतरंल. तिसऱ्याला तापून सुटंल.”

“मग थांबव. मिळेल तिथे थांबव.”

“हितं कुठं? डावीकडं कडा, उजवीकडं दरी. पुढं वळणाआधी जागा हाय, तितं घेतो.”

“पडद्यावर ताप किती दाखवतोय?”

“एक्केचाळीस. हिरवं हाय सगळं.”

हिरवं. चिपचा तापमापक पॅकच्या कवचाला असतो, फेस मधल्या सेलमध्ये. बाहेर एक्केचाळीस असतं तेव्हा आत काय चाललंय ते चिपला पाच मिनिटांनी कळतं.

“दादा, वास येतोय का? गोडसर?”

तो हुंगतोय हे मला ऐकू आलं. “येतोय. केळं कुजल्यागत.”

सेल फुटून आतलं द्रव वाफ झाल्याशिवाय तो वास येत नाही. शिर्के काचेच्या खोलीतून धावत आला होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्याला ओरडले, “पॅक सोडव! इथूनच सोडव!” गाडी जागेवर थांबली की पॅकचे चार खटके उघडून तो खाली पाडता येतो. पण बाजार वाढला तसे पॅक चोरीला जायला लागले, म्हणून तुम्ही ते खटके तुमच्या परवानगीशिवाय केंद्राबाहेर उघडणार नाहीत असं करून ठेवलंत. शिर्केने परवानगी मागितली. पडद्यावर चाक फिरत राहिलं. ‘आपली विनंती रांगेत आहे.’

“थांबलो,” खंडूदादा म्हणाला. हवेच्या ब्रेकचा फस्स आवाज आला.

“उतर आणि वर पळ. वाऱ्याच्या उलट. गाडीकडे बघू नकोस.”

दार उघडलं, त्याची पावलं वाजली. मी घड्याळाकडे बघत होते. सेकंद काटा बाराजवळ होता.

मग पावलं थांबली.

“दादा?”

“दगड लावतो.”

“काय?”

“चाकाला दगड. उतारावर हाय गाडी.”

“राहू दे दगड! हँडब्रेक आहे!”

“हँडब्रेक हवेवर हाय. नळ्या जळाल्या तर काय हुतंय कुनाला म्हाईत? खालच्या वळणाला कणसवाल्या बायका बसल्यात गं. पोरं हायती त्यांची. गाडी सुटली तर थेट त्यांच्यावर.”

शिकलेला माणूस सांगेल की त्या ब्रेकची हवा गेली तर आतली स्प्रिंग चाक आवळते, गाडी सुटत नाही. मलाही ते ठाऊक होतं. पण एकोणतीस टन, तो उतार आणि पेटलेलं रबर, यांची हमी मी देऊ शकले नाही. तुम्ही दिली असती का? तीस वर्षांत खंडू झोरेने चढ-उतारावर चाकाला दगड लावल्याशिवाय गाडी सोडली नव्हती. चहा प्यायला उतरला तरी दगड. त्याच्या पायांना दुसरं काही येतच नव्हतं.

“दादा, तीस सेकंद झाले.”

“एक लागला.” धाप. “ह्या बाजूचा मोठा बघतो.”

“पंचेचाळीस. दादा, माझी शपथ आहे तुला.”

“गप गं मास्तरीण, मोजू नको, जीव घाबरतो.” आणि मग, फोनपासून तोंड लांब नेऊन, खालच्या दरीच्या दिशेने, त्याने मेंढ्यांना हाकारतात तशी लांब हाळी दिली. “पळाऽ! ए बायांनोऽ! पळाऽ!”

साठ सेकंदांनी दुसरा दगड चाकाखाली सरकल्याचा आवाज आला, दगडावर दगड घासल्याचा. सत्तर सेकंदांनी शिट्टीसारखं काहीतरी वाजायला लागलं. पॅकचं कवच फाटताना तसं वाजतं.

“लागला,” तो म्हणाला.

चौऱ्याहत्तर सेकंद, आणि फोन तुटला. नव्वद नाही. तुमचे नव्वद त्याला मिळालेच नाहीत.

*

आग विझवायला चार तास लागले. टायर जळून गेले, नळ्या जळून गेल्या, टँकरचं दूध उकळून रस्त्यावरून वाहिलं. गाडी जागची हलली नाही. दोन दगड अजून तिथे आहेत, काळे पडलेले. कणसवाल्या बायकांपैकी एकीला खरचटलं, पळताना. परवानगी बावीस मिनिटांनी आली. ‘विनंती मंजूर.’

पाचव्या दिवशी खंडूदादाची बायको केंद्रावर आली. वैजयंतावहिनी. एकटीच, एसटीने. तिने सगळं केंद्र बघितलं, यांत्रिक हात बघितला, मग माझ्यासमोर उभी राहिली.

“तू त्यांना फोन केलास म्हने.”

“हो वहिनी.”

“मरताना तू होतीस संगं, म्हनून हात जोडायला आले.”

तिने खरंच हात जोडले. ते मला सहन होईना. मी म्हणाले, “वहिनी, थांबा. पॅक बद्द वाजला होता. बसवण्याआधीच. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही.”

तिचे हात तसेच राहिले, जोडलेले. मग तिने ते खाली घेतले.

“का?”

“परवाना गेला असता.”

“हाय का मग परवाना?”

“आहे.”

“बरं हाय.” ती बाकावर जाऊन बसली. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. एसटीची वेळ झाली तेव्हा उठली आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझ्याम्होरं खरं बोलून काय उपेग? माझा तर गेला. ज्यांचा अजून रस्त्यावर हाय त्यांना सांग.”

मी त्याच दुपारी खडू घेतला. लपवाछपवी नाही, कॅमेऱ्याखाली उभी राहून केंद्रातला प्रत्येक पॅक ठोकला, सेन्सर लावून मोजला. चाळिसांपैकी अकरा बद्द. अकराही पॅकवर हातभर फुली मारली. सगळ्यात कमी आरोग्यांक नव्वद. शिर्के खाली आला. मला वाटलं, ताकीद घेऊन आला. तो म्हणाला, “ताई, त्या बाजूचा सेन्सर मी धरतो. एकटीला सहा मिनिटं लागतात, दोघांना तीन.”

म्हणजे एका गाडीचा पॅक बसेपर्यंत, तुमच्या चार मिनिटांतच, पुढच्या गाडीचा मोजून होतो. दुसरा माणूस द्यायचा होता फक्त.

अकरा पॅक कमी झाल्यामुळे आता गाड्या थांबतात. रांग लागते. ड्रायव्हर शिव्या देतात, मग खाली उतरतात, स्वतःची टायरची हातोडी घेऊन स्वतःच पॅक ठोकतात. एकजण काल म्हणाला, “बाई, इतकी वर्षं टायर ठोकला आणि ज्याच्यावर बसलो ते ठोकलंच न्हाय.”

आणि काल तुमचा अहवाल आला, त्याला जोडून हुकूम. अहवालात पान चौदा, खंडू झोरेचा निष्काळजीपणा. पान पंधरा, ‘फिटरने केलेल्या आघातामुळे पॅकला इजा झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ पाना दोनदा टेकवला, तोही तुम्हाला सापडला. सहाशे बारा मोजमापं मात्र एकाही पानावर सापडली नाहीत. हुकूम असा: फुली मारलेले अकराही पॅक उद्या सकाळी दहापासून वापरात आणावेत, अन्यथा फिटरने परवाना जमा करावा.

परवाना मी टेबलावर काढून ठेवला आहे. त्याच्या शेजारी लाकडी हातोडी. खंडूदादाचीच आहे, त्या दिवशी खरंच माझ्याकडे राहिली होती.

उद्या दहाला रांगेत पहिली गाडी औषधांची आहे. ड्रायव्हरचं नाव अशोक वाघमोडे, बायको बरोबर आहे, पोटुशी. तिला माहेरी सोडायला निघालोय, असं त्याने फोनवर सांगितलं. वैजयंतावहिनीला मी निरोप धाडला आहे. ती येणार आहे, बाकावर बसणार आहे.

तुम्ही या. तिन्ही सह्यावाले या. अकरापैकी कुठलाही पॅक निवडा. माझ्या कानावर विश्वास ठेवू नका, हातोडी उचला, स्वतः ठोका. आणि आवाज ऐकल्यावर त्या पोटुशी बाईकडे बघून, मोठ्याने, कॅमेऱ्यासमोर सांगा: हा पॅक हिच्या नवऱ्याच्या गाडीत बसवू का?

हो की नाही?

मला विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोलले. आता तुम्हाला विचारते आहे. उत्तर द्या.